अहमदाबादचं डायव्हर्जन आणि सहा लाखांची पॉलिसी : एका कॅप्टनचं प्रकरण

विमान कंपनीनं एखाद्या कॅप्टनवर शिस्तभंगाची कारवाई सुरू केली, तर त्याच्या बाजूनं लढायचा खर्च कोण उचलतं? कंपनीचा विमा तर नाहीच. तो विमान, प्रवासी आणि इतरांच्या नुकसानीसाठी असतो, शिवाय इथं समोरचा पक्षच कंपनी. बऱ्याच वैमानिकांकडे ‘लॉस ऑफ लायसन्स’ पॉलिसी असते, पण ती मेडिकल, म्हणजे उडायला तंदुरुस्त असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, गेलं तरच कामाची. कंपनीनं घरी बसवलं, चौकशी लावली, तर ती कपाटातच राहते. उरतो तो कायदेशीर संरक्षणाचा विमा, म्हणजे वकील आणि खटल्याचा खर्च देणारी पॉलिसी. आपल्याकडे तो अजून नीट रुजलेला नाही, आणि ज्यांच्याकडे असतो त्यांनीही त्याची कलमं वाचलेली नसतात.

खालचं प्रकरण त्याबद्दलचं. माणसं, कंपनी, रकमा आणि पॉलिसीतली कलमं अभ्यासासाठी जुळवलेली आहेत. कायदा, निकाल आणि नियम मात्र आहेत तसेच ठेवलेत. काळ २०२४ चा, म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होण्याआधीचा, औद्योगिक विवाद कायदा १९४७ चालू असतानाचा.

त्या पहाटे

कॅप्टन बेचाळिशीचा, राहायला विलेपार्ले पूर्वेला, एअरबस ए३२० विमानावर कमांडर, म्हणजे उड्डाणाचा प्रमुख, बेस मुंबई. जुलैच्या मध्यात त्याच्याकडे मुंबई–कोलकाता–मुंबई अशी रात्रीची फेरी होती. परतताना मुंबईवर जोरदार पाऊस. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते, आणि पावसात वर घिरट्या घालणाऱ्या विमानांची रांग लागली की ती लवकर हलत नाही. दोन गो-अराउंडनंतर, म्हणजे दोनदा उतरता उतरता परत वर गेल्यावर, त्यानं विमान अहमदाबादला नेलं. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, कंपनीलाही नाही.

वाद पुढचा. अहमदाबादला इंधन भरून झालं, मुंबईत पाऊस उतरला, तोवर क्रूची ड्युटी संपत आली होती. ऑप्स कंट्रोलचा, म्हणजे कंपनीच्या उड्डाण नियंत्रण कक्षाचा, फोन आला, “कॅप्टन, एक्स्टेन्शन घ्या आणि विमान मुंबईला आणा.” ड्युटीच्या वेळेची मर्यादा, ज्याला सगळे एफडीटीएल म्हणतात, अनपेक्षित परिस्थितीत वाढवता येते. पण तो निर्णय कमांडरचा असतो, आणि क्रू त्या अवस्थेत उडायला तंदुरुस्त आहे याची खात्री करूनच घ्यायचा असतो. फर्स्ट ऑफिसरची ती सलग दुसरी रात्र. तो म्हणाला, “सर, मला जमणार नाही.” कॅप्टनचे स्वतःचे डोळे मिटत होते. त्यानं नकार कळवला, फटिग रिपोर्ट, म्हणजे थकव्याचा अहवाल, भरला आणि हॉटेलवर गेला.

दुसरा क्रू दुपारी पोहोचला. तोवर प्रवाशांचा पारा चढला होता आणि कुणीतरी काढलेला व्हिडिओ वाहिन्यांवर फिरत होता. माझ्या मते कारवाईचं खरं कारण तो व्हिडिओच. कागदावर अर्थातच ते कुठं येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवरचा रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, कोरा झाला. याला ‘ऑफ रोस्टर’ म्हणतात. निलंबनाचं पत्र नाही, पण काम बंद. तिसऱ्या दिवशी ई-मेलवर कारणे दाखवा नोटीस आली, उत्तराला ७२ तास. आरोप तीन. पहिला, वरिष्ठांचा आदेश हेतुपुरस्सर धुडकावला. दुसरा, कंपनीच्या प्रतिमेला धक्का लावला. तिसरा आरोप जुलैचा नव्हताच. मे महिन्यात त्याच्या एका लँडिंगला जी-फोर्स, म्हणजे विमान टेकतानाचा धक्का, कंपनीनं ठरवलेल्या रेषेच्या वर गेला होता. फ्लाइट डेटा मॉनिटरिंगमध्ये, म्हणजे एफडीएममध्ये, ते पकडलं गेलं, समुपदेशन झालं, विषय मिटला. नोटिशीत तोच ‘निष्काळजीपणाची सवय’ म्हणून परत आला.

पहिले ७२ तास

कॅप्टननं रात्रभर बसून चार पानी उत्तर लिहिलं. सज्जन माणूस, त्यामुळे दुसऱ्याच परिच्छेदात प्रवाशांची माफी मागून मोकळा. सकाळी लालबागच्या मामांना वाचून दाखवलं. मामांनी ऐंशीच्या दशकातल्या संपाआधी गिरणीत युनियनचं काम केलेलं, चौकशीत कामगारांच्या बाजूनं बसलेले.

“हे कुणी लिहिलं?”

“मीच, मामा.”

“मग फाड. ‘गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहे’ लिहिलंयस. चौकशीत ते एवढंच वाचून दाखवतील. आधी चारच गोष्टी लिही : नोटीस मिळाली, आरोप मान्य नाहीत, कागद द्या, मुदत द्या. बाकीचं वकिलाकडून लिहून घे.”

मुंबईत गिरण्या गेल्या, पण चौकशीचं शास्त्र जाणणारी ही पिढी अजून आहे, आणि चकचकीत कॉर्पोरेट नोटिशीपुढेही त्यांचा सल्ला तसूभर जुना वाटत नाही.

फोर्टमधल्या एका वकीलबाईंनी मग खरं उत्तर तयार केलं. फी ४५,००० रुपये. त्यांनी मागितलेले कागद असे : ऑप्स कंट्रोलच्या फोनचं रेकॉर्डिंग, क्रूचा मागच्या २८ दिवसांचा रोस्टर, फटिग रिपोर्टवर सुरक्षा विभागानं मारलेला शेरा आणि कंपनीचं स्वतःचं सेफ्टी पॉलिसीचं पान. तिसऱ्या आरोपावर त्या सर्वांत जास्त वेळ थांबल्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, सहाव्या परिशिष्टात उड्डाण-माहितीच्या विश्लेषणाचा कार्यक्रम दंडात्मक नसावा आणि माहिती जिच्याकडून आली त्या व्यक्तीला संरक्षण असावं असं स्पष्ट म्हटलंय. भारत आयकाओचा सदस्य. वैमानिकाला आपला डेटा शिक्षेसाठी वापरला जाईल अशी भीती बसली, तर तो पुढच्या वेळी स्वतःहून काही सांगणार नाही, हे त्यामागचं साधं कारण. वकीलबाईंनी लिहिलं, की हा आरोप कायम ठेवायचा असेल तर कंपनीनं ‘आम्ही एफडीएमचा डेटा शिस्तभंगाच्या कारवाईसाठी वापरतो’ असं लेखी सांगावं. असं लेखी सांगणं कुठल्याही कंपनीच्या सुरक्षा विभागाला परवडणारं नसतं.

या सगळ्यात विमा कंपनीला कुणी कळवलंच नाही. पॉलिसी कोर्टकचेरीसाठी असते, हे तर ऑफिसातलं, असा कॅप्टनचा समज.

पॉलिसी काय म्हणते

वैमानिकांच्या एका संघटनेनं सदस्यांसाठी १ एप्रिल २०२४ पासून गट पॉलिसी घेतली होती. वर्षाला ८,००० रुपये हप्ता, सहा लाखांची मर्यादा, मंजूर खर्चातला दहा टक्के वाटा सदस्याचा. सुरुवातीचे तीन महिने प्रतीक्षा काळ.

हा तीन महिन्यांचा आकडा कुठून आला, ते सांगायला हवं. कायदेशीर खर्चाचा विमा मुळात युरोपातला. फ्रान्समध्ये १९१७ साली मोटारवाल्यांसाठी त्याची सुरुवात झाली, पुढे जर्मनीत तो इतका पसरला की साध्या घरगुती पॉलिसीतही नोकरीचे वाद येतात. नोकरीच्या वादांना तिथं सहसा तीन महिन्यांची प्रतीक्षा असते, म्हणजे नोटीस येणार असं दिसल्यावर धावत जाऊन पॉलिसी घेता येऊ नये. तिकडचा आणखी एक नियम महत्त्वाचा : न्यायालयीन किंवा प्रशासकीय कार्यवाहीत वकील निवडायचा हक्क विमेदाराचा, हे युरोपीय समुदायानं १९८७ च्या निर्देशात लिहून ठेवलं. आपल्या या पॉलिसीचा मसुदा तिकडून उचललेला दिसतो. प्रतीक्षा काळ उचलला, वकील निवडीचा हक्क मात्र वाटेत कुठंतरी सांडला.

नवव्या दिवशी कॅप्टननं दावा कळवला आणि विमा कंपनीकडून चार हरकतींचं पत्र आलं.

सगळ्यात जड हरकत तारखेची. वाद ‘सुरू’ कधी झाला? अशा पॉलिसींत विमा-घटना म्हणजे नोटिशीची तारीख नसते. ज्या दिवशी कुणीतरी नियम मोडला असा आरोप आहे, तो दिवस असतो. अहमदाबादचं प्रकरण जुलैचं, म्हणजे संरक्षणात. पण नोटिशीत मेमधलं लँडिंग आहे, आणि मे प्रतीक्षा काळात येतो. विमा कंपनीचं म्हणणं, हा एकच सलग वाद आहे, त्याचा पहिला धागा मे महिन्यातला, सबब दावा नामंजूर. एचआरनं नोटीस भरीव दिसावी म्हणून जोडलेल्या तिसऱ्या आरोपानं कॅप्टनचं विमा संरक्षणही काढून घेतलं होतं. एचआरला याची कल्पनाही नसणार.

दुसरी हरकत ‘हेतुपुरस्सर कृत्य’ या अपवादाची. आता ‘हेतुपुरस्सर आदेशभंग’ हा आरोपाचाच शब्द. आरोपात तो शब्द आला म्हणून संरक्षण जायचं असेल, तर शिस्तभंगाची पॉलिसी विकायचीच कशाला? प्रत्येक शिस्तभंगाच्या नोटिशीत तो शब्द असतोच, टाइपिस्टच्या बोटांना सवय असते. हा अपवाद सिद्ध झालेल्या हेतूपुरता हवा, आणि तसं कलमात लिहिलेलं हवं.

तिसरी हरकत पूर्वसंमतीची : परवानगीआधी केलेला वकील खर्च मिळत नाही. म्हणजे ४५,००० गेले. चौथी पॅनेलची. विमा कंपनीच्या मुंबई पॅनेलवर, म्हणजे तिनं ठरवलेल्या वकिलांच्या यादीत, मोटार अपघात दावे आणि चेक बाउन्सची कामं करणारे वकील होते. कामगार कायदा करणारा एकही नाही. या मुद्द्यावर विमा कंपनीनं फारसं ताणलं नाही, फोर्टच्या वकीलबाई तिला चालल्या.

चौकशीच्या दाराबाहेर

चौथ्या आठवड्यात आरोपपत्र आलं आणि त्यात मे महिन्याचं लँडिंग नव्हतं. कंपनीच्या सुरक्षा विभागानंच आत आक्षेप घेतल्याचं नंतर कानावर आलं. वकीलबाईंनी आरोपपत्र त्याच दिवशी विमा कंपनीला पाठवलं : आता वाद फक्त जुलैचा. तारखेची हरकत मागे पडली. हेतूचा मुद्दा ‘निकालाअंती पाहू’ असा राखून ठेवून दावा स्वीकारला गेला. जे उत्तर कंपनीच्या विरुद्ध लिहिलं होतं, त्यानंच विमा मिळवून दिला, आणि त्या उत्तराचे पैसे मात्र विम्यात बसले नाहीत.

पुढची अडचण आपल्या कायद्यातली आहे, त्यात विमा कंपनीचा दोष नाही. अंतर्गत चौकशीत बाहेरचा वकील घेऊन बसण्याचा हक्क कर्मचाऱ्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं क्रेसेंट डाइज प्रकरणात १९९२ साली सांगितलं. सहकारी किंवा युनियनचा माणूस बसू शकतो. त्याला एक मोठा अपवाद मुंबईतूनच आलाय : १९८२ च्या बॉम्बे पोर्ट ट्रस्ट प्रकरणात मालकाची बाजू कायदा शिकलेला माणूस मांडत असेल, तर कर्मचाऱ्याला वकील नाकारणं नैसर्गिक न्यायाविरुद्ध आहे असं न्यायालयानं म्हटलं.

इथं कंपनीचा सादरकर्ता अधिकारी इंडस्ट्रियल रिलेशन्स विभागातला एलएलबी होता. वकीलबाईंनी पहिल्याच बैठकीत पोर्ट ट्रस्टचा निकाल पुढे करून अर्ज दिला. कंपनीनं अर्जावर वाद घातलाच नाही. पुढच्या तारखेला एलएलबी साहेबांच्या जागी क्रू शेड्युलिंगमधला एक मॅनेजर आला आणि वकीलबाई बाहेरच राहिल्या. हा डाव जुना आणि चोख आहे. पण त्यानं चौकशीची धार गेली हेही खरं. त्या मॅनेजरला साक्षीदाराला प्रश्न कसा विचारायचा हेच ठाऊक नव्हतं.

सहा बैठका अंधेरी-कुर्ला रोडवरच्या ऑफिसात झाल्या. आत कॅप्टन आणि संघटनेचा एक वरिष्ठ सहकारी. वकीलबाई शेजारच्या हॉटेलात लॅपटॉप उघडून, दर तासाला फोनवर. फर्स्ट ऑफिसरची साक्ष निर्णायक ठरली. कन्फर्मेशन व्हायचं बाकी असूनही तो म्हणाला, “थकलोय हे आधी मी सांगितलं, कॅप्टननी नंतर.” फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये ऑप्स कंट्रोलनं क्रूच्या तब्येतीबद्दल एक अक्षर विचारलेलं नव्हतं.

बिल आलं तेव्हा विमा कंपनीनं पुन्हा पॉलिसी उघडली. मसुदे आणि चर्चा यांचे १,२०,००० मंजूर. बैठकांच्या दिवसांचे १,८०,००० नामंजूर, कारण कलमात ‘हजेरी’ शब्द आहे आणि हॉटेलात बसणं ही हजेरी नव्हे. शब्दाशब्दानं बघितलं तर बरोबर. पण कायदाच वकिलाला आत बसू देत नसेल, तर ‘हजेरी’पुरतं संरक्षण म्हणजे चौकशीसाठी संरक्षण नाहीच, आणि पॉलिसीच्या पहिल्या पानावर तर ‘अंतर्गत चौकशी’ ठळक छापलेली. वकीलबाईंनी एवढंच तक्रार निवारण कक्षाला लिहिलं आणि महिन्यात उत्तर न आल्यास सांताक्रूझच्या विमा लोकपालांकडे जाऊ असं जोडलं. अर्धी रक्कम, ९०,००० सुटली. कॅप्टननं तिथंच थांबायचं ठरवलं.

हिशेब असा : वकिलाचा एकूण खर्च ३,४५,०००. विम्यानं मान्य केले २,१०,०००, दहा टक्के वजा जाता हातात १,८९,०००. खिशातून १,५६,०००.

खरं नुकसान

पण या प्रकरणातला मोठा आकडा वकिलाचा नाहीच. कॅप्टनला महिन्याला साडेसहा लाखांच्या आसपास मिळायचे, त्यातला मोठा भाग उड्डाण-भत्त्यांचा. ऑफ रोस्टर असताना हाती आले दोन लाख दहा हजार. चौदा आठवड्यांत सुमारे चौदा लाख गेले. कामगार म्हणून गणला गेला असता, तर स्थायी आदेशांच्या कायद्याप्रमाणे निलंबनात पहिले ९० दिवस निम्मा आणि पुढे पाऊण निर्वाह भत्ता मागता आला असता. कंपनीचं उत्तर ठरलेलं : कॅप्टन क्रूवर देखरेख करतो, तो कामगार नव्हे, आणि आम्ही तर निलंबित केलेलंच नाही. हा वाद सायनच्या श्रम रक्षा भवनात केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेपुढे नेता आला असता. त्याला वर्षं लागली असती.

सोडून जावं म्हटलं तरी सोपं नव्हतं. २०१७ पासून कमांडरला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. शिवाय नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाली नाहीत, की रिसेन्सी, म्हणजे अलीकडच्या उड्डाणाच्या सरावाची अट, मोडते आणि सिम्युलेटरशिवाय परत प्रवाशांना घेऊन उडता येत नाही. ऑक्टोबरच्या मध्यात ती गेलीच. वैमानिकाला घरी बसवणं हीच अर्धी शिक्षा असते, आणि ती चौकशीच्या निकालाआधीच भोगून होते.

या बाबतीत अमेरिकेतल्या रेल्वे इंजिनचालकांनी फार आधी शहाणपण दाखवलं. त्यांची एक परस्पर साहाय्य संस्था १९१० पासून आहे. मालकानं शिस्तभंगाखाली काम बंद केलं की ती सदस्याला दिवसागणिक ठरलेली रक्कम देते. वकिलाचा प्रश्न नंतरचा, आधी घर चालायला हवं. अमेरिकेतल्याच खाजगी वैमानिकांच्या संघटनेची, एओपीएची, कायदेशीर सेवा योजना वेगळ्या जातीची आहे : तिचा भर नियामकाच्या कारवाईवर. मालकाची कारवाई आणि नियामकाची कारवाई या दोन गोष्टी आपल्याकडे सर्रास एकत्र समजल्या जातात. कॅप्टनच्या प्रकरणात डीजीसीए, म्हणजे आपल्याकडची नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था, कुठंच आली नाही. ती आली असती तर लायसन्सच पणाला लागलं असतं, दुसरी सुनावणी, दुसरा वकील, आणि या पॉलिसीत नियामकाबद्दल अवाक्षर नव्हतं.

निकाल आणि नूतनीकरण

चौकशी अधिकाऱ्यानं आदेशभंग सिद्ध झाला नाही असं लिहिलं. प्रतिमेच्या आरोपावर ‘प्रवाशांशी संवाद अपुरा’ असा शेरा मारला. शिक्षेआधी अहवालाची प्रत द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या ईसीआयएल निकालापासून पक्कं झालंय; ती मिळाली, उत्तर गेलं आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक ताकीदपत्र देऊन त्याला परत घेतलं. सिम्युलेटरचा स्लॉट कंपनीनं दिला. गेलेला भत्ता दिला नाही, आणि तो मागणार नाही असं लिहून घेतलं. वकीलबाईंचा याला विरोध होता. घरचं कर्ज आणि मुलीची फी समोर असताना कॅप्टननं सही केली, आणि मला त्यात दोष दिसत नाही.

एप्रिल २०२५ च्या नूतनीकरणाला संघटनेनं तीन बदल मागितले. प्रत्येक आरोप ही स्वतंत्र विमा-घटना धरावी आणि ‘हेतुपुरस्सर’चा अपवाद सिद्ध झाल्यावरच लागावा, हा पहिला. कारणे दाखवा नोटिशीच्या पहिल्या उत्तरासाठी ५०,००० पर्यंतचा खर्च पूर्वसंमतीशिवाय मिळावा आणि ‘हजेरी’च्या जागी ‘चौकशीसाठी केलेलं काम’ असे शब्द यावेत, हा दुसरा. विमा कंपनीनं दोन्ही मान्य केले आणि हप्ता ११,५०० वर नेला. तिसरा, ऑफ रोस्टरच्या काळात रोजची ठरावीक रक्कम, तिनं फेटाळला : काम बंद आहे हे ठरवायला निलंबनाचा आदेशच नसतो, मग दिवस मोजायचे कुठून, असं तिचं म्हणणं. त्यासाठी संघटना आता स्वतःचा निधी उभारायच्या विचारात आहे. वर्गणी कमांडर आणि फर्स्ट ऑफिसर यांना सारखी असावी की पगाराप्रमाणे, यावर बैठका चालू आहेत.